शिक्षा किती गुन्ह्याची, किती कागदाची?

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी फ्लोरिडाचे गव्हर्नर रॉन डीसँटिस यांनी स्थलांतराविषयीच्या दोन कायद्यांवर सही केली. त्यांचा गाभा असा, की गुन्हा करणारा माणूस अमेरिकेत बेकायदा राहत असेल तर त्याची शिक्षा एक पायरी वर चढेल. आदल्याच वर्षी याची छोटी आवृत्ती आली होती. हद्दपारीनंतर बेकायदा परतल्याबद्दल आधी शिक्षा झालेल्यांपुरती ती मर्यादित होती. २०२५मध्ये ती अट गेली. फ्लोरिडात तिसऱ्या श्रेणीच्या फेलनीला, म्हणजे गंभीर गुन्ह्याला, कमाल ५ वर्षं कैद आहे, दुसऱ्या श्रेणीला १५ आणि पहिल्या श्रेणीला ३०. एक पायरी म्हणजे काय, हे या आकड्यांवरून कळतं. कृत्य तेच, पण कागदपत्रं नसली की पाचाचे पंधरा.

ही कल्पना फ्लोरिडाची नाही. १९२९पर्यंत परवानगीवाचून सीमा ओलांडणं हा अमेरिकेत फौजदारी गुन्हाच नव्हता. पकडलं तर परत पाठवत, एवढंच. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर कोलमन ब्लीज हे उघड वंशद्वेष्टे राजकारणी. त्यांनी पुढे केलेल्या कायद्याने बेकायदा प्रवेश हा किरकोळ गुन्हा झाला आणि हद्दपारीनंतर परतणं गंभीर गुन्हा. १९५२च्या कायद्याने ते कलम नव्याने मांडलं. त्यात साध्या पुनर्प्रवेशाला कमाल २ वर्षं होती. १९८८मध्ये अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यातून पहिली मोठी वाढ आली आणि १९९४मध्ये विशिष्ट गंभीर गुन्हा करून हद्दपार झालेल्यासाठी कमाल शिक्षा थेट २० वर्षांवर गेली. १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की आधीची शिक्षा ज्युरीपुढे सिद्ध करण्याची किंवा आरोपपत्रात लिहिण्याचीही गरज नाही. न्यायाधीशाने शिक्षा ठरवताना ती धरली की पुरे. दोनाचे वीस करणारी बाब ज्युरीपुढे यायची गरज नाही, हे मला आजही पटत नाही.

१९९६मध्ये या गणिताला आणखी एक धार आली. चोरी किंवा हिंसेच्या गुन्ह्यात पूर्वी ५ वर्षांची शिक्षा झाली तर हद्दपारी जवळजवळ अटळ होत असे. ती मर्यादा एक वर्षावर आणली गेली, आणि शिक्षा स्थगित ठेवली तरी ती मोजली जाते. त्यामुळे दुकानातल्या चोरीसाठी ३६५ दिवसांची शिक्षा ऐकून, एकही दिवस तुरुंगात न काढता, ग्रीनकार्डधारक माणूस मुलाबाळांना मागे ठेवून देशाबाहेर जाऊ शकतो. यावर २०११मध्ये वॉशिंग्टन राज्याने किरकोळ गुन्ह्यांची कमाल मुदत एका दिवसाने कमी करून ३६४ केली. कॅलिफोर्निया त्याच वाटेने गेलं, २०१९मध्ये युटाही. २०२५मध्ये युटाने काही गुन्ह्यांसाठी तो दिवस परत जोडला. आपल्याकडून नोकरीनिमित्त गेलेल्या कुटुंबांनाही हे लागू आहे, कारण ही अट नागरिक नसलेल्या प्रत्येकाला आहे, मग तो कायदेशीर राहत असला तरी.

आता आकडेवारीचा भाग. परदेशी लोक जास्त गुन्हे करतात का, हा प्रश्न राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या काळातल्या विकरशॅम आयोगानेही तपासला होता. १९३१च्या त्याच्या अहवालात उत्तर उलट आलं: लोकसंख्येच्या प्रमाणात परदेशात जन्मलेले लोक कमी गुन्हे करतात. १९९४पासून बेकायदा राहणाऱ्या परदेशी कैद्यांच्या खर्चापोटी केंद्राचं अनुदान मिळू लागलं आणि राज्यांना मोजणीचं आर्थिक कारणही मिळालं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या जानेवारी २०१७च्या आदेशानंतर केंद्राने, ताब्यात मागितलेले लोक न देणाऱ्या स्थानिक यंत्रणांची साप्ताहिक यादी छापायला सुरुवात केली. त्यात चुका असल्याचं स्थानिक अधिकाऱ्यांनीच दाखवून दिलं आणि काही आठवड्यांत ती थांबवावी लागली.

सर्वांत उपयोगी नोंद टेक्सासची. अटकेच्या वेळी घेतलेले बोटांचे ठसे केंद्राकडे पडताळले जातात. त्या आधारावर तिथलं सार्वजनिक सुरक्षा खातं २०११पासूनची आकडेवारी देतं. केंद्राकडे ज्यांचे ठसे कधी गेलेच नाहीत ते यातून निसटतात, हा तिचा दोष. तरीही २०२०मध्ये समाजशास्त्रज्ञ मायकल लाइट आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी घेऊन दाखवलं, की बेकायदा राहणाऱ्यांच्या तुलनेत अमेरिकेत जन्मलेल्या नागरिकांचं हिंसक गुन्ह्यांतल्या अटकेचं प्रमाण दुपटीहून अधिक आहे. हे शक्य झालं, कारण तुलनेसाठी दोन्ही बाजू उपलब्ध होत्या. नुसती ‘इतके परदेशी पकडले’ अशी संख्या छापणारा अहवाल लोकांना घाबरवतो, कळवत काहीच नाही.

फ्लोरिडाच्या कायद्यात आणखी एक कलम आहे: देहान्ताला पात्र गुन्हा बेकायदा रहिवाशाने केला तर मृत्युदंड अनिवार्य. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्येच अनिवार्य मृत्युदंड घटनाबाह्य ठरवला आहे. भारतातही जन्मठेप भोगणाऱ्याने खून केल्यास फाशीच, असं सांगणारं भारतीय दंडसंहितेचं कलम ३०३ होतं. १९८३मध्ये मिठू खटल्यात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने ते रद्द केलं. कृत्य न पाहता करणारा कोण, एवढ्यावर जीव घ्यायचा, हाच दोन्हीकडचा पेच. २०२५मध्ये मायामीतल्या न्यायालयाने रोखलं ते राज्यात बेकायदा प्रवेश हा गुन्हा ठरवणारं कलम. शिक्षावाढ त्या स्थगितीत आलेली नाही.

म्हणून प्रत्येक प्रकरणात मूळ श्रेणी कोणती, वाढीनंतरची कोणती, प्रत्यक्ष किती वर्षं झाली आणि आरोपीचा दर्जा कोणी, कशावरून ठरवला, हे राज्यांनी छापलं पाहिजे. केंद्रीय न्यायालयांसाठी शिक्षेचे मार्गदर्शक तक्ते ठरवणारा केंद्रीय शिक्षा आयोग अशी प्रकरणनिहाय आकडेवारी देतो. पुनर्प्रवेशाच्या खटल्यांत आधीच्या गुन्ह्यामुळे त्या तक्त्यात १६ पातळ्यांची वाढ लागली, की न्यायाधीशच बऱ्याचदा ठरलेल्या पट्ट्याखालची शिक्षा देतात, हे आयोगाला त्यातून दिसलं. नोव्हेंबर २०१६पासून ती वाढ रद्द झाली.