शहराच्या मालकीचे जंगल : लाकूड आणि निसर्गरक्षण

शहराच्या मालकीचे जंगल म्हणजे नगरपालिकेच्या ताब्यातील, तिच्याच वनखात्याने सांभाळलेले आणि नागरिकांना फिरायला मोकळे असलेले वन. मध्य युरोपात ही परंपरा जुनी आहे. जर्मनीतील सुमारे एक पंचमांश वनक्षेत्र शहरे, गावे व इतर स्थानिक संस्थांच्या मालकीचे आहे. बहुतेक जुनी जंगले सरपण आणि घरबांधणीच्या लाकडासाठी राखली गेली. बर्लिनने मात्र १९१५ च्या करारान्वये सुमारे १०,००० हेक्टर जंगल विकत घेतले, ते वाढत्या वस्तीच्या तडाख्यातून वाचवण्यासाठी. आज अशा जंगलाकडून लाकूड, स्वच्छ पाणी, विरंगुळा आणि वन्यजीवांना आसरा या सगळ्याच गोष्टी मागितल्या जातात. त्या एकाच झाडाकडून मागितल्या की वाद सुरू होतो.

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील खाण अधिकारी हान्स कार्ल फोन कार्लोविट्स याने १७१३ मध्ये वाढीइतकीच तोड करण्याचे तत्त्व मांडले. त्यामुळे जंगल टिकले. म्हातारी झाडे मात्र टिकली नाहीत. बीचचे झाड अडीचशे-तीनशे वर्षे जगू शकते, पण लाकडासाठी ते साधारण १२० ते १४० व्या वर्षी तोडतात, कारण पुढे गाभा लालसर होऊन भाव उतरण्याची भीती असते. म्हणजे झाडाच्या आयुष्याचा उत्तरार्धच जंगलातून नाहीसा होतो, आणि जैवविविधतेच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा. काळा सुतारपक्षी जाड, सरळ खोडाच्या बीचमध्ये ढोली कोरतो. त्याने सोडलेल्या ढोलीत रानकबुतरे, छोटी घुबडे, वटवाघळे राहतात. पुढे पाणी मुरून आत लाकडाचा भुसा साठतो, आणि जुन्या पोकळ खोडांतील अशा भुशात काही दुर्मिळ भुंगेऱ्यांच्या अळ्या वर्षानुवर्षे वाढतात. हे भुंगेरे फार दूर उडत नाहीत. म्हणून पोकळ झाडे एकमेकांजवळ असावी लागतात. मोठ्या जंगलात एकटेच राखलेले म्हातारे झाड त्यांच्या फारसे कामाचे नाही. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने याच कारणासाठी २०१० पासून आपल्या जंगलांत सुमारे पंधरा-पंधरा झाडांचे पुंजके कायमचे राखण्याची पद्धत सुरू केली.

शहरांनी दोन वाटा चोखाळल्या आहेत. स्वित्झर्लंडमधील झ्युरिकने सीलवाल्ड या आपल्या जंगलातील तोड २००० च्या सुमारास पूर्ण थांबवली. शतकानुशतके शहराला जळण पुरवणारे हे जंगल आता राष्ट्रीय महत्त्वाचे उद्यान आहे. उत्तर जर्मनीतील ल्युबेकने वेगळा मार्ग धरला. १९९० च्या दशकात स्वीकारलेल्या धोरणानुसार तेथे सुमारे दहा टक्के क्षेत्राला हात लावत नाहीत. उरलेल्या जंगलात लाकूड काढतात, पण सपाट तोड (एका पट्ट्यातील सगळी झाडे एकदम तोडणे), खते आणि कीटकनाशके वर्ज्य. राखीव भागात निसर्ग काय करतो ते पाहायचे आणि इतरत्र त्याच्या शक्य तितके जवळ राहायचे, अशी त्यामागची कल्पना. ल्युबेकची वाट अधिक कठीण आहे आणि अधिक शिकवणारीही, कारण तेथे तोडीचा निर्णय प्रत्येक झाडापाशी पुन्हा घ्यावा लागतो.

तो निर्णय तोडीपूर्वी झाडांवर खुणा करताना होतो. वनपाल खोडाचा घेर मोजतो, शेंड्याकडे बघतो, ढोल्या आणि मोठी घरटी शोधतो. तोडायच्या झाडावर एक खूण, राखायच्या झाडावर दुसरी. ओंडके ओढणारी यंत्रे फक्त ठरलेल्या पट्ट्यांवरूनच जातात, कारण एकदा दबलेली माती मोकळी व्हायला अनेक दशके लागतात. मग हे पट्टे २० मीटरवर ठेवायचे की ४०, यावरही वाद होतात. अंतर वाढवले की माती वाचते आणि ओंडके ओढण्याचा खर्च वाढतो.

सर्वांत अवघड प्रश्न पायवाटांच्या कडेचा. वाळलेली फांदी कुणाच्या डोक्यात पडू नये याची काळजी शहराला घ्यावी लागते, त्यामुळे रस्त्यालगतची नेमकी जुनी झाडे आधी तोडली जातात. काही ठिकाणी फक्त शेंडा कापून उंच खोड उभे ठेवतात. धोका कमी होतो आणि किड्यांचे घरही राहते.

जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने १९९० मध्ये म्हटले की, सार्वजनिक जंगलांचा कारभार पर्यावरण व विरंगुळ्यासाठी असतो, लाकूडविक्रीची हमी देण्यासाठी नव्हे. तरीही तोड सरसकट थांबवा असे म्हणणे सोपे नाही. लाकडाची गरज तशीच राहिली तर ते दुसऱ्या कुठल्यातरी जंगलातून येते, आणि तिथले नियम कदाचित सैल असतात. शिवाय २०१८ पासूनच्या दुष्काळी उन्हाळ्यांत सालीखाली पोखरणाऱ्या सालभुंगेऱ्यांनी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची मोठी जंगले मारली. एकाच जातीच्या अशा लागवडी विरळ करून तिथे बीच, ओक, मेपल यांची रोपे वर येऊ द्यायची तर कुऱ्हाड चालवावीच लागते. त्या ठिकाणी लाकूड काढणे हेच संवर्धनाचे काम ठरते. दोनशे वर्षांच्या बीचच्या राईला मात्र हे कारण लागू होत नाही, आणि तिथली तोड खपवण्यासाठी ते पुढे करणे चुकीचे आहे.