छत्रपती संभाजीनगर–मुंबई हवाई अंतर व प्रवासवेळ

छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचे औरंगाबाद) चिकलठाणा विमानतळ आणि मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे २८० किमी, म्हणजे साधारण १५० सागरी मैल आहे. विमान प्रत्यक्ष हवेत पाऊण तासाच्या आसपास असते. वेळापत्रकात मात्र एक तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ धरलेला असतो.

हा फरक काही जमिनीवरचा, तर काही मुंबईत उतरण्याआधीच्या खोळंब्याचा आहे. वेळापत्रकाचे घड्याळ विमान उभ्या जागेवरून हलले की सुरू होते आणि मुंबईत थांब्याला लागल्यावरच बंद होते. चिकलठाण्याला धावपट्टी एकच, पण वर्दळही बेताची. मुंबईत धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरवता येत नाहीत. गर्दीच्या वेळी नंबर लागेपर्यंत विमान वरच घिरट्या घालत राहते. सह्याद्री पार करायला काही मिनिटे पुरतात; खोळंबा होतो तो त्यानंतर.

इतक्या जवळच्या मार्गावर जेटच्या वेगाचाही फारसा उपयोग होत नाही. विमान वर चढून स्थिरावते न स्थिरावते तोच उतरायला लागते. म्हणून पंख्याच्या एटीआरसारख्या विमानाला जेटच्या तुलनेत थोडीच मिनिटे जास्त लागतात. वाऱ्यामुळे पडणारा फरकही तितपतच.

 

रेल्वेने मनमाडमार्गे हेच अंतर सुमारे ३७५ किमी भरते. रस्त्याने मार्गानुसार ते साडेतीनशेच्या घरात जाते. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किमीचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला आणि मोटारीने मुंबई आणखी जवळ आली. ज्याचे काम मंत्रालयात आहे, त्याने विमानाचा हिशेब घरापासून करावा: चिकलठाण्याला आधी पोहोचणे, तपासणी, आणि उतरल्यावर अंधेरी–विलेपार्ल्याकडून दक्षिण मुंबईपर्यंतची वाहतूक. चार तास सहज जातात. रात्री ‘देवगिरी’ एक्स्प्रेसमध्ये झोपलेला माणूस सकाळी थेट सीएसएमटीला उतरतो, तिथून मंत्रालय हाकेच्या अंतरावर.

नांदेडहून मात्र गणित बदलते. तिथून मुंबईचे हवाई अंतर सुमारे ४७० किमी, तर मनमाडमार्गे लोहमार्ग ६१० किमीच्या आसपास. तिथे विमानाने जवळजवळ अर्धा दिवस वाचतो.