हेडवे (उपनगरी रेल्वे)

एकाच रुळावरून लागोपाठ धावणाऱ्या दोन गाड्यांमधील वेळेचे अंतर म्हणजे हेडवे. मुंबईच्या लोकलमार्गांवर गर्दीच्या वेळी ते साधारण ३ मिनिटे असते. ते याहून फारसे खाली का येत नाही, याचे उत्तर दोन स्थानकांमधल्या मोकळ्या रुळावर नसून फलाटाशी आणि सांध्यांपाशी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी, आहे.

साध्या ब्लॉक पद्धतीत दोन स्थानकांदरम्यान एका वेळी एकच गाडी सोडतात. ती पोहोचल्याचे पुढच्या स्थानकाने कळवीपर्यंत मागची गाडी थांबून राहते. तुरळक गाड्यांच्या मार्गाला हे पुरते, लोकलला नाही. म्हणून तेथे स्वयंचलित सिग्नल असतात. भारतात ते रंगीत दिव्यांसह प्रथम १९२८ मध्ये जीआयपी रेल्वेने (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) व्हीटी (आजचे सीएसएमटी) ते भायखळा या टप्प्यात बसवले. रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकात हलका वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडी त्या तुकड्यावर आली की चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, त्या प्रवाहावर चालणारा रिले (स्वयंचलित स्विच) सुटतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. गाडी पुढे सरकेल तसा तो पिवळा, दुहेरी पिवळा आणि शेवटी हिरवा होतो. मात्र लाल जाण्यासाठी पुढच्या सिग्नलपर्यंतचा रूळ मोकळा असून भागत नाही. त्याच्याही पलीकडे किमान १२० मीटर मोकळे लागतात. मोटरमनचा ब्रेक थोडा चुकला तरी टक्कर होऊ नये, यासाठी ही राखीव जागा.

आता फलाटावरचा हिशेब. १२ डब्यांची लोकल सुमारे २६० मीटर लांब असते. तिचा शेवटचा डबा फलाटाच्या टोकाचा सिग्नल आणि पुढचे १२० मीटर ओलांडेपर्यंत गाडी ३८० मीटर गेलेली असते. वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद वाढतो असे धरले, तर याला सुमारे ४० सेकंद लागतात. त्यानंतरच मागच्या गाडीला फलाटावर येण्याचा सिग्नल मिळतो. तिला आत येऊन थांबायला मिनिटभर, थांबा ३० सेकंदांचा. बेरीज दोन मिनिटांच्या जरा वर जाते. म्हणजे ३ मिनिटांच्या वेळापत्रकात उसंत उरते ती पन्नासेक सेकंदांची. दादरला चढणारे आणि उतरणारे एकाच दारात अडकले की ती तिथेच संपते. मग मागच्या मोटरमनला हिरव्याऐवजी पिवळा दिसतो, तो वेग उतरवतो, त्याच्या मागच्याला लाल मिळतो. डब्यात म्हणतात, “सिग्नल नाही.” खरे तर सिग्नल आपले काम चोख करत असतो.

स्वयंचलित सिग्नल लाल असला तरी गाडी तिथे कायमची अडकत नाही. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांनुसार मोटरमन दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटे थांबून, समोर काही दिसताच थांबता येईल इतक्या सावकाश पुढे जाऊ शकतो. सांधे किंवा फाटक असलेल्या ठिकाणच्या सिग्नलला ही सवलत नाही. तेथे फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय सिग्नलचा लाल जातच नाही. दिवा स्थानकाजवळचे फाटक लोकल रखडवण्यासाठी वर्षानुवर्षे ओळखले गेले ते याच कारणाने. कल्याणला कसारा आणि कर्जतचे रस्ते फुटतात. तिथे मेल-एक्स्प्रेस मार्ग ओलांडत असेल, तर तिचा शेवटचा डबा सांध्यावरून जाईपर्यंत लोकल बाहेर उभी.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प ३-अ मध्ये रेडिओद्वारे संपर्कावर चालणारी सीबीटीसी पद्धत प्रस्तावित करण्यात आली. तिच्यात ठराविक तुकड्यांऐवजी पुढच्या गाडीच्या प्रत्यक्ष जागेवरून मागच्या गाडीची मर्यादा ठरते, त्यामुळे अंतर कमी करता येते. फलाटावरचा थांबा मात्र तेवढाच राहतो, आणि शेवटच्या स्थानकावरची गाडी फिरवणेही. चर्चगेटला फलाट चार आणि मार्ग दोन, धीमा व जलद. म्हणजे दर मार्गाला सरासरी दोन फलाट. ३ मिनिटांना एक गाडी येत असेल, तर प्रत्येक गाडीने ६ मिनिटांत आत येऊन, रिकामी होऊन, भरून, त्याच सांध्यांवरून बाहेर पडायचे. दुसऱ्या टोकाच्या केबिनपर्यंत मोटरमनने २६० मीटर चालत जाण्यातला वेळही परवडत नाही. तिथे अनेकदा दुसरा मोटरमन आधीच तयार ठेवावा लागतो.