लेंड्या मोजण्याचे दिवस

शस्त्रक्रिया पाऊण तासात आटोपली. चिंगीच्या मूत्राशयातून निघालेला तुरीच्या दाण्याएवढा पांढुरका खडा डॉक्टरांनी एका छोट्या बाटलीत घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, टाके माझ्यावर सोडा. घरी दोनच गोष्टी बघा. तोंडात काय जातंय आणि मागून काय पडतंय."

चिंगी म्हणजे माझ्या मुलीची गिनीपिग, वय चार वर्षे, वजन ९१२ ग्रॅम. पोटावर दोन इंच चीर, ऐन जानेवारीतली पुण्याची थंडी, आणि डॉक्टर सांगत होते लेंड्यांकडे बघा. त्या क्षणी मला ते जरा चमत्कारिक वाटले. पुढच्या दहा दिवसांत त्या एका वाक्यामागचे सगळे शरीरशास्त्र मी शिकले. तेच इथे सांगते, कारण हा प्राणी आता घराघरांत येऊ लागला आहे आणि शस्त्रक्रिया नीट पार पडूनही तो नंतरच्या दोन-तीन दिवसांत दगावू शकतो, हे पाळणाऱ्यांना बहुतेक वेळा ठाऊक नसते.

गिनीपिगच्या पोटात डावीकडे सीकम नावाची मोठी पिशवी असते. पचनमार्गात जे काही असते त्याचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या सीकममध्ये साठलेला असतो. गवतातला चोथा पचवणारे विकर या प्राण्याकडे नाही. ते काम सीकममधले सूक्ष्मजीव करतात. इडलीचे पीठ आंबते तसे तिथे गवत अहोरात्र आंबत असते, त्यातून मेदाम्ले तयार होतात आणि त्यांच्यावर प्राण्याचा बराचसा गाडा चालतो. तिथेच बनणारी जीवनसत्त्वे आणि प्रथिने वाया जाऊ नयेत म्हणून गिनीपिग मऊ लेंड्या थेट गुदद्वारातून तोंडात घेऊन पुन्हा खातो. आपण जमिनीवर बघतो त्या कोरड्या, लांबट लेंड्या म्हणजे दुसऱ्या फेरीनंतरचा खरा टाकाऊ माल.

हे सगळे पुढे ढकलले जाते ते मागून येणाऱ्या चोथ्याच्या रेट्यावर. रेटा थांबला की आतडे मंदावते. भुलीची औषधे आतडे मंद करतात. वेदना झाली की शरीरात ॲड्रेनलिन वाढते, तेही आतड्याला थांबायला सांगते. मग सीकममधला माल जागच्या जागी आंबत राहतो, वायू धरतो, पोट डफासारखे ताठ होते, ते दुखते, आणि दुखते म्हणून प्राणी खात नाही. खात नाही म्हणून आतडे आणखी थांबते. उन्हाळ्यात पीठ विसरून राहिले की डब्याचे झाकण उडते. इथे झाकण उडायची सोय नसते, कारण गिनीपिगला उलटी करता येत नाही.

दुसरे संकट यकृतावर येते. बाहेरून ऊर्जा आली नाही की शरीर साठवलेली चरबी मोकळी करते आणि ती यकृतात येऊन साचते. त्यातून उपाशी गिनीपिगची भूक आणखी मरते. जाड प्राण्यांना हा धोका जास्त. आपल्याकडे आजारी माणसाला एक वेळ लंघन घडले तर पोटाला आराम मिळाला म्हणतात. या प्राण्याच्या बाबतीत तो विचार डोक्यातून काढून टाकावा लागतो. अर्धा दिवस त्याने काहीच खाल्ले नाही, तर ती तातडीची वेळ समजायची. शस्त्रक्रियेआधीही रात्रभर उपाशी ठेवायचे नसते. चिंगीचे गवत दोन तास आधी काढले, तेही पोट रिकामे व्हावे म्हणून नव्हे. गिनीपिग गालात घास धरून बसतो आणि भुलीत तो घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, म्हणून.

घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी चिंगी कोपऱ्यात पाठीला पोक काढून बसली होती. केस उभे, डोळे अर्धे मिटलेले, मधूनच दात करकर वाजवत होती. शिकार होणारे प्राणी दुखणे लपवतात, कारण जंगलात कण्हणारा आधी टिपला जातो. त्यामुळे ती ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, असा हिशेब करायचा नाही. पोक, ताठ केस आणि दातांची करकर हीच तिची कण्हण्याची भाषा. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचे थेंब ठरवून दिले होते. ते दिल्यावर तासाभराने ती पहिल्यांदा हलली आणि गवताची एक काडी ओढून चघळू लागली. वेदनाशामक म्हणजे लाड, असे मला तोवर कुठेतरी वाटत होते. त्या रात्री दिसले की ते आतडे चालू करण्याचे औषध आहे.

एका काडीवर मात्र भागत नाही. भरवावे लागते. आमच्यासाठी हिशेब होता दिवसाला ५० ते ६० मिली पातळ अन्न, सहा वेळांत विभागून. तृणभक्षी प्राण्यांच्या आजारपणासाठी तयार पावडर मिळते, पण पहिल्या रात्री ती हाताशी नव्हती. म्हणून तिच्या नेहमीच्या पेलेट्स (कोरड्या खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवल्या, मिक्सरमधून काढल्या आणि चहाच्या गाळणीतून गाळल्या. गाळायचे कारण लगेच कळले. पहिल्या वेळी मी आळस केला होता आणि एक कण सिरिंजच्या टोकात अडकला. मी दट्ट्या जोराने दाबला, आणि कण सुटून सगळी पेज एकदम बाहेर आली. ती सुदैवाने नॅपकिनवर पडली. तीच घशात गेली असती तर फुप्फुसात उतरली असती आणि न्यूमोनियाने आमचे सगळे कष्ट पाण्यात गेले असते.

भरवायची रीत अशी. प्राण्याला नॅपकिनमध्ये सैलसर गुंडाळून मांडीवर चारही पायांवर बसवायचे. बाळासारखे उताणे कधीच धरायचे नाही. पुढच्या दातांमागे गालाच्या बाजूला एक मोकळी फट असते. तिथून एक मिलीची सिरिंज आडवी आत सरकवायची आणि अर्धा मिलीच सोडायचे. मग थांबायचे. जबडा चाकीसारखा फिरू लागतो, गिळल्याचे दिसते, तेव्हा पुढचा अर्धा. दहा मिलीला अर्धा तास जातो. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली मुलगी सिरिंज भरून देत होती, मी भरवत होते, आणि हनुवटीखाली सांडलेली पेज लगेच पुसत होतो, कारण ती वाळली की केसांत खरपुड्या धरतात आणि खालची कातडी चिघळते.

समोर गवत मात्र सतत हवेच. पेज पोट चालवते, पण दात झिजवत नाही. गिनीपिगचे वीसही दात जन्मभर वाढत असतात. चघळणे फार दिवस बंद राहिले की दाढा वाढून जिभेवर येतात आणि एक आजार निस्तरता निस्तरता दुसरा उभा राहतो.

आता क जीवनसत्त्व. ग्लुकोजपासून क जीवनसत्त्व बनवण्याच्या साखळीतले शेवटचे विकर गिनीपिगकडे नाही. माणसाकडेही नाही. कुत्रा, मांजर, शेळी आपापले क जीवनसत्त्व स्वतः बनवतात. आपण आणि गिनीपिग ते ताटातून घेतो. हे साम्य अपघाताने सापडले. नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश हे दोघे जहाजांवरच्या खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीसारख्या आजाराचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवले. बेरीबेरी झालाच नाही, झाली ती स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार. १९०७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. स्कर्व्ही एखाद्या प्राण्यात मुद्दाम घडवून तपासता येते, हे तेव्हा पहिल्यांदा दिसले. पुढे १९३२ मध्ये आल्बर्ट सेंट-ड्यॉर्डी आणि त्यांचा सहकारी स्विर्बेली यांनी हेक्झुरॉनिक आम्ल नावाचे द्रव्य म्हणजेच क जीवनसत्त्व हे दाखवले, तेही गिनीपिगवरच. सेंट-ड्यॉर्डींना १९३७ चे नोबेल मिळाले. आपल्या संत्र्या-आवळ्याच्या ज्ञानामागे या प्राण्याचे असे मोठे देणे आहे, आणि त्याच्या आजारपणात ते आठवावे असे मला मनापासून वाटते.

जखमेशी याचा संबंध थेट आहे. चीर सांधायला कोलॅजन या प्रथिनाचे धागे लागतात. त्या धाग्यांना पीळ बसून ते घट्ट व्हायला क जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले की बाहेरून बरी दिसणारी जखम आतून कच्ची राहते. निरोगी गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम पुरते, आजारपणात ५० पर्यंत द्यावे लागते. आम्हाला दोन आठवडे थेंब दिले होते. ते पाण्याच्या बाटलीत घालायचे नाहीत. तिथे हे जीवनसत्त्व लवकर निकामी होते आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणीही सोडतो. थेट तोंडात घालायचे. चिंगी स्वतः खाऊ लागल्यावर ढोबळी मिरची सुरू केली. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळीत साधारण ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे तिची एक मोठी चकती बरेच काम करते. पेरूत त्याच्या दुपटीहून जास्त असते, पण साखरही असते, आणि बिघडलेल्या सीकमला साखर सोसत नाही.

एक गोष्ट मला ठळक सांगायची आहे, कारण आमच्या हातून ती चूक होता होता राहिली. घरात मुलीचा घसा धरला होता तेव्हाचे अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक पडून होते. तिसऱ्या दिवशी जखमेची कड लालसर वाटली, रविवार होता, आणि थोडेसे देऊन बघावे असे मनात आले. सुदैवाने आधी फोन केला. डॉक्टर जवळजवळ ओरडलेच, "एक थेंबही नको!" अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे तोंडावाटे दिली की गिनीपिगच्या सीकममधले उपयोगी जीवाणू मरतात. रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जीवाणू माजतात, त्यांचे विष रक्तात उतरते आणि प्राणी काही दिवसांत जातो. इतिहासात इथे एक थरारक वळण आहे. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी या संशोधकाच्या गटाने पेनिसिलिनची पहिली निर्णायक परीक्षा घेतली ती आठ उंदरांवर. त्या जागी गिनीपिग असते, तर पेनिसिलिन हे विष आहे असा समज होऊन काम तिथेच अडले असते, असे नेहमी म्हटले जाते. चिंगीला एन्रोफ्लॉक्सासिन हे वेगळ्या घराण्यातले प्रतिजैविक चालू होते. ते गिनीपिगना सोसते. पण तेही डॉक्टरांनी वजन बघून ठरवायचे.

जखमेकडे रोज दोनदा बघायचे. सूज, ऊब, ओल, वास. गिनीपिगचा पू पातळ होऊन वाहत नाही. तो घट्ट, लोण्यासारखा होऊन आतच साचतो, त्यामुळे ओघळ दिसायची वाट न बघता बोटाला गाठ लागते का ते चाचपायचे. भुसा काढून टाकून मऊ सुती कापडांच्या घड्या अंथरल्या. भुशाचे कण जखमेला चिकटतात, आणि पांढऱ्या कापडावर लघवीचा रंगही कळतो. मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस गुलाबी डाग दिसले तर घाबरायचे नाही. पण प्राणी ताणतो आहे, किंचाळतो आहे आणि कापड कोरडेच आहे, असे झाले तर रात्र असो की दिवस, उठून निघायचे.

थंडीसाठी गरम पाण्याची बाटली नॅपकिनात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका बाजूला ठेवली. एकाच बाजूला, कारण नको वाटले तर सरकून जाता आले पाहिजे. इवल्याशा शरीरातली ऊब भराभर निघून जाते, तशी उष्णताही या दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या लेकराला सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये शस्त्रक्रिया झाली असती, तर आम्ही उलट पंख्याची आणि ओल्या पडद्यांची सोय बघत बसलो असतो. तिचा जोडीदार मन्या मधल्या जाळीपलीकडे होता. कळपातला प्राणी एकटा पडला की अन्न सोडतो. दुसऱ्या रात्री मन्या जाळीला टेकून गवत खाऊ लागला तशी चिंगीही जागेवरून उठली.

आणि लेंड्या. पहिल्या रात्री एकूण अकरा. बारीक, कोरड्या, एका टोकाला निमुळत्या, दोन तर केसाने माळेसारख्या जोडलेल्या. आतडे रेंगाळते आहे याची ती खूण. निरोगी गिनीपिग दिवसाला शंभराहून अधिक टाकतो. मुलीने वहीत रकाने आखले: वजन, पेज, लेंड्या, लघवी. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्लास्टिकचा डबा ठेवून रोज सकाळी त्याच वेळी वजन. ८८४, ८६१, ८५८. वजन दहा टक्क्यांनी उतरले की धोका, आणि आमच्यासाठी ती रेघ ८२० च्या आसपास होती. चौथ्या दिवशी काटा ८६६ वर गेला. त्याच दिवशी लेंड्या त्रेसष्ट, फुगीर, हिरवट तपकिरी. मुलगी शाळेला जायच्या आधी ओरडत आली, "आई, मोठ्या झाल्या!" शेजारच्या काकूंना वाटले असेल काय मोठे झाले. सातव्या दिवसापासून पेज कमी करत आणली, बाराव्या दिवशी टाके निघाले.

खडा तपासून आला. कॅल्शियम कार्बोनेट, गिनीपिगमध्ये बहुतेक वेळा आढळतो तोच. त्यांच्या लघवीतून कॅल्शियम पुष्कळ जाते आणि लघवी अल्कधर्मी असते, त्यामुळे हा क्षार सहज साकळतो. तो औषधाने विरघळत नाही, कापूनच काढावा लागतो. डॉक्टरांनी आहार विचारला. आम्ही चार वर्षे चाऱ्याच्या दुकानातून ताजी लसूणघासाची जुडी आणत होतो. हिरवीगार, स्वस्त, आणि ती आवडीने खायची. वाढत्या पिल्लाला आणि गाभण मादीला लसूणघास चालतो. मोठ्या गिनीपिगला रोज नको, कारण साध्या गवतापेक्षा त्यात कॅल्शियम कितीतरी जास्त. आम्ही प्रेमाने जे घालत होतो त्यातून तिचा त्रास वाढला असणार, हे ऐकताना वाईट वाटले.

आता वाळलेले साधे गवत तिच्यासमोर चोवीस तास असते. फुलवाल्याकडच्या दूर्वा कुठून कापून आणतात ते कळत नाही, म्हणून गच्चीतल्या चार कुंड्यांत हरळी लावली आहे. पालक बंद, कोथिंबीर थोडी, पाण्याच्या बाटल्या दोन. हे खडे परत होतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा आहे. तोवर दर सोमवारी वजन. काल ९०४ भरले.