गळतंय वर, डाग खाली

मामाच्या हॅचबॅकचं मार्चमध्ये फुल इंजिन काम झालं. बोअर, रिंगा, बेअरिंगा, सीलं, सगळं नवीन, गाडी एकदम मख्खन चालायला लागली आणि चौथ्या दिवशी पार्किंगमध्ये बशीएवढा काळा डाग. ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत पार्किंगच्या टाइल्सवर डाग पडला की काय होतं ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल, सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले की आधी मामाच्या बुटांकडे बघायचे.

वागळे इस्टेटजवळच्या मेकॅनिकने गाडी वर घेतली. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ऑइलचा थेंब लोंबत होता, तो बघून लगेच निकाल, "क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." आता सील नवीन असलं म्हणून गळणारच नाही असं नाही हां, जुन्या क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, सीलच्या ओठाने घासून बारीक चर पाडलेली असेल तर नवीन सीलही तिथेच रडतं. पण दिवसभराचं काम आणि तेवढी मजुरी फक्त एका थेंबावर ठरवायची?

कारण ऑइल जिथून गळतं तिथे बहुतेक वेळा दिसतच नाही. ते खाली ओघळतं, पंख्याची आणि रस्त्यावरची हवा त्याला मागे ढकलते, आणि गरम झालं की इतकं पातळ होतं की बोल्टच्या खाचेतून, कास्टिंगच्या कडेकडेने वाट काढत फूटभर लांब जाऊन टपकतं. साधारण 5डब्ल्यू-30 ऑइलची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, 40 अंशांना 60 सेंटीस्टोक्सच्या आसपास असते आणि 100 अंशांना 10 च्या आसपास, म्हणजे सहा पट पातळ. म्हणून तर सकाळी पार्किंगमध्ये पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून "कुठे गळतंय? काहीच नाही" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला पॉइंट शोधायचा, बाकी सगळा ओघळ. आणि तो दिसायचा तर आधी इंजिन डिग्रेझरने धुऊन कोरडं करायला हवं, मळलेल्या इंजिनावर काय डोंबल कळणार.

तर आम्ही धुतलं, ऑइलमध्ये लीक शोधायची डायची बाटली ओतली, गायमुखपर्यंत जाऊन परत आलो, आणि रात्री साडेदहाला वॉचमनकाकांना पार्किंगचे दोन दिवे बंद करायला लावून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यापासून खाली जोडापर्यंत हिरवट पिवळी रेघ, बोटाएवढी रुंद, चकाचक पेटलेली! डायचे रेणू आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश पितात, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतात आणि उरलेली दिसणाऱ्या रंगात बाहेर टाकतात. या प्रकाराला फ्लुओरेसन्स हे नाव 1852 मध्ये जॉर्ज स्टोक्सने दिलं, आणि वरच्या सेंटीस्टोक्समधला स्टोक्सही हाच. ऑइल किती पातळ ते मोजायचं एकक त्याच्या नावाचं आणि ते कुठून पळालं ते दाखवणारा उजेडही त्याच्याच खात्यात.

म्हणजे मागचं सील निर्दोष, गिअरबॉक्स वाचला. मामा म्हणाला, "मग कव्हर आवळून टाक ना जरा." हेच करायचं नसतं. त्या बोल्टना ताकद अगदी थोडी लागते, जास्त आवळलं की रबरी पॅकिंग बाहेर सरकतं, कव्हर वाकतं आणि गळती वाढते. शिवाय नवीन पॅकिंग चार दिवसांत का हरलं हा प्रश्न राहतोच.

तिथे दुधाची रिकामी पिशवी कामाला आली. इंजिन आयडलवर ठेवून ऑइल ओतायचं झाकण काढलं आणि तोंडावर पिशवी धरली (बेल्टपासून हात लांब ठेवा, प्लीज). ब्रीदर, म्हणजे इंजिनात साठणारा गॅस बाहेर काढणारी नळी, नीट असेल तर पिशवी जराशी आत ओढली जाते. आमची टम्म फुगली.

सिलिंडरमध्ये स्फोट होतो तेव्हा थोडा गॅस रिंगांच्या बाजूने निसटून खाली चेंबरमध्ये येतोच. नवीन इंजिनात जरा जास्तच, कारण सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम पाडलेल्या बारीक ओरखड्यांवर (होनिंग) घासून रिंगा बसायला काही शे किलोमीटर जातात. पूर्वी हा गॅस एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून द्यायचे, 1960 च्या दशकात अमेरिकेत प्रदूषणामुळे तो परत इंजिनातच ओढून जाळायची पद्धत आली आणि तीच आज आपल्या गाड्यांत आहे. ब्रीदरची ही वाट बंद झाली की आत प्रेशर साठतं आणि जिथे पॅकिंग सगळ्यात कमजोर तिथून ऑइल बाहेर ढकलतं. मागचं सील बदललं असतं तर उद्या दुसरीकडून आलं असतं.

ब्रीदरचा पाइप एअर फिल्टरच्या डब्याखाली दुमडून चपटा झालेला सापडला. परत बसवताना कुणाच्या तरी घाईत. पाइप नवीन, टॅपेट पॅकिंग नवीन, टॉर्क पान्याने आवळलं. कोपऱ्यांवर सिलिकॉनचा टिपका लावून रात्रभर सोडलं, ते हवेतल्या दमटपणावरच घट्ट होतं, आणि ठाण्यात त्याची काही कमी नाही.

मग गाडीखाली पुठ्ठा. रोज सकाळी मामा प्रत्येक थेंबाभोवती पेन्सिलने गोल काढून तारीख टाकायचा. पहिल्या दिवशी तीन गोल, कुठेतरी अडकलेलं जुनं ऑइल असावं, दुसऱ्या दिवशी एक, आणि नंतर आठवडाभर पुठ्ठा कोरा. सेक्रेटरींना मामाने तो पुठ्ठाच नेऊन दाखवला, त्यांनी नीट बघितला आणि विचारलं, "हे ठीक आहे, पण टाइलचा डाग कोण काढणार?"