पीअर-टू-पीअर ऑनलाइन गेम : पंच कुणाचा संगणक?

पीअर-टू-पीअर म्हणजे मध्ये कंपनीचा सर्व्हर (सगळा खेळ सांभाळणारा मध्यवर्ती संगणक) न ठेवता खेळाडूंचे संगणक थेट एकमेकांशी जोडणं. मग खेळातला निवाडा कुणाच्या संगणकाने करायचा? १९९३ च्या ‘डूम’ या खेळात चौघांपर्यंतचे पीसी कुठली बटणं दाबली एवढंच एकमेकांना कळवत, बाकी खेळ प्रत्येक पीसी आपापला चालवी. १९९७ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’ने याच पद्धतीने सेकंदाला २८.८ किलोबिट एवढ्याच वेगाच्या मोडेमवर आठ जणांचं युद्ध बसवलं. मात्र ज्याची लाइन सर्वांत मंद, त्याच्या वेगाने सगळ्यांनी चालायचं. आठ जणांत हे खपतं, हजारांत नाही.

म्हणून ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) आणि ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) सर्व्हरवर उभे राहिले. तांत्रिक अडचण खरीच होती. पण दरमहा सुमारे १० डॉलर वर्गणी घेणाऱ्या धंद्याला किल्ल्या स्वतःकडेच हव्या असतात, हेही तितकंच खरं.

फाइल-वाटपाच्या लाटेनंतर संशोधकांनी प्रश्न पुन्हा उकरला : हजारोंचा खेळ सर्व्हरविना चालेल का? हजार खेळाडूंच्या जोड्या जवळपास पाच लाख. पण खेळताना ज्याच्या-त्याच्या नजरेच्या टप्प्यात मूठभरच असतात. मग साऱ्या जगाची खबर प्रत्येकाला कशाला? २००४ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ‘सिममड’ हा प्रयोग झाला. त्यात नकाशाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा कारभार कुणा खेळाडूच्याच संगणकाकडे दिला होता.

वाद पेटतो तो इथे. हा कारभारी निवडायचा कसा? तुकड्याच्या नावावरून हॅश (ठरलेल्या सूत्राने निघणारा आकडा) काढायचा आणि ज्या संगणकाचा जाळ्यातला क्रमांक त्याच्या सर्वांत जवळचा, त्याने पंच व्हायचं. असा पंच बहुधा त्या तुकड्यात खेळतच नसतो, म्हणून त्याचा स्वार्थ कमी. त्याने संगणक बंद केला तर दुसऱ्याकडे प्रत तयार. चार हजार खेळाडूंपर्यंत हे चालवून पाहिलं गेलं. युक्तिवाद देखणा आहे, पण पंचाचा मित्र त्या तुकड्यात तलवार घेऊन उभा असेल तर? शिवाय पैसे आणि पात्राची कमाई याच रचनेत मध्यवर्ती सर्व्हरवरच ठेवली होती. जिथे फसवणूक खरी महागात पडते, तिथे खेळाडूंवर भिस्त ठेवायला रचनाकारही धजले नाहीत.

त्याआधी २००१ मध्ये आणखी एक तोड सुचवली गेली होती : प्रत्येकाने चाल जणू बंद पाकिटात द्यायची, सगळी पाकिटं आली की मगच उघडायची. दुसऱ्याची चाल पाहून आपली ठरवण्याची लबाडी थांबते, पण पुन्हा सर्वांत मंद लाइनची वाट पाहणं आलंच.

घरगुती जोडण्यांचा तोकडा अपलोड आणि राउटरआड दडलेले पत्ते यांनीही पाय ओढले. आपल्याकडे मोबाइल डेटावर एकाच सार्वजनिक आयपीव्ही४ (इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या) पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, त्यामुळे दोन फोन थेट जोडणं अजूनही कटकटीचं.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने खेळाडूंकडून एकमेकांना पॅच (खेळातल्या सुधारणांच्या फाइली) वाटून घेतले, खेळ मात्र सर्व्हरवरच ठेवला. ‘जीटीए ऑनलाइन’ने खेळाडूंना थेट जोडलं, २०१५ च्या पीसी आवृत्तीत खेळातल्या आभाळातून पैशांच्या पिशव्या पाडणारे लबाड अवतरले. २०१४ च्या ‘डेस्टिनी’ने कामं वाटून टाकली : मोहिमेचा हिशेब डेटा सेंटरमध्ये, हालचाली आणि टकरींचं गणित कुणा खेळाडूच्या कन्सोलवर.