पार्श्वभूमी : 'मूल दत्तक द्यायचंय'चे फॉरवर्ड, आणि दोन कायद्यांमधली फट

एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट जोरात असताना, जवळपास प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तरी मेसेज येऊन गेला. एक मुलगी तीन दिवसांची, दुसरी सहा महिन्यांची, आईबाप कोविडने गेले, कुणाला दत्तक घ्यायचं असेल तर या नंबरवर फोन करा. काहींमध्ये मुलांची जातसुद्धा लिहिलेली होती, म्हणजे 'आपल्यातल्याच' कुणीतरी घ्यावं म्हणून. पाठवणाऱ्या बहुतेकांच्या मनात वाईट काही नव्हतं, ऑक्सिजन बेड आणि प्लाझ्माचे मेसेज ज्या तळमळीने फिरत होते त्याच तळमळीने हेही फिरले. पण बरेचसे खोटे निघाले, काही नंबर लागलेच नाहीत, आणि जिथे कुणी फोन उचलला तिथे कधीकधी पैशाची भाषा सुरू झाली.

त्या वेळचे आकडे बघितले की या मेसेजांमधली मुख्य गफलत कळते. ५ जून २०२१ पर्यंत देशभरात ३०,०७१ मुलांची नोंद झाली होती (कोविडच नव्हे, कुठल्याही कारणाने एक किंवा दोन्ही पालक गेलेली, काही सोडून दिलेलीही), त्यात महाराष्ट्राची सगळ्यात जास्त, ७,०८४. पण आई आणि वडील दोघंही गेलेली मुलं होती ३,६२१. २६ हजारांवर मुलांचा एक पालक जिवंत होता, आणि दोघंही गेलेल्यांपैकी कित्येकांना आजी-आजोबा, काका, मामा, मावशी होतेच. म्हणजे दत्तक देण्यासाठी 'मोकळी' असलेली मुलं फारच थोडी. राज्य सरकारने कोविडकाळात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे ५ लाखांची मुदत ठेव जाहीर केली, मुलाला घरीच वाढवण्यासाठी मदत देणारी बालसंगोपन योजना आधीपासून होतीच, म्हणजे मूल नातेवाईकांकडेच राहावं यासाठी वाट होती. ती माहिती मात्र दत्तकाच्या मेसेजइतकी फिरली नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की मुलांची ओळख उघड करून त्यांच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या आणि 'दत्तक घ्या' असं आवाहन करणाऱ्या संस्थांना राज्यांनी रोखावं, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याची पद्धत सोडून दत्तक होऊ देऊ नये. मुलाची ओळख उघड केली तर कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पद्धत डावलून दत्तक घेतलं-दिलं तर कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत, मुलाची खरेदी-विक्री केली तर कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत. टीव्हीवर हे सगळं भरपूर सांगितलं गेलं, १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर लोकांना पाठ झाला.

पण खरा गुंता या आदेशाच्या बाहेर आहे, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय फेसबुकवरच्या 'डायरेक्ट अ‍ॅडॉप्शन'च्या पोस्ट का थांबत नाहीत ते कळत नाही.

आपल्याकडे दत्तकाचे दोन रस्ते आहेत. एक बाल न्याय कायद्याचा, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदणी, घरभेटीचा अहवाल, वेटिंग लिस्ट, बालकल्याण समितीने (जिल्ह्यातली सरकारी समिती) दत्तकासाठी मोकळं जाहीर केलेलं मूल आणि शेवटी आदेश. दुसरा १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याचा, ज्यात जन्मदाते आईवडील स्वतः, एकमेकांच्या संमतीने, मूल दुसऱ्या कुटुंबाला देऊ शकतात, दत्तकपत्र करून नोंदवलं की कागद भक्कम होतो. या दुसऱ्या रस्त्यात ना पोर्टल ना समिती ना कुणाची घरभेट. आणि २०१५ च्या कायद्यातच, कलम ५६ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की १९५६ च्या कायद्याखालच्या दत्तकांना हा कायदा लागू नाही. दीर-जावेत, भावा-बहिणीत मूल दिलं-घेतलं जायचं, त्या घरगुती व्यवहारासाठी ही सोय होती आणि तिथे ती अजूनही लागते. पण मेसेंजरवर ओळख झालेली दोन अनोळखी कुटुंबं, मध्ये एक 'मॅडम', नोटरी केलेला स्टॅम्प पेपर आणि 'हॉस्पिटलचा खर्च' म्हणून काही लाख, असा व्यवहारसुद्धा याच दरवाजातून आत येतो आणि वर सांगितलं जातं की सगळं लीगल आहे.

तर लीगल आहे का? उत्तर सरळ नाही. आईबाप वारलेल्या मुलाबद्दल १९५६ चा कायदाही कडकच आहे, पालकत्व असलेल्या व्यक्तीने आधी कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय ते मूल देताच येत नाही, म्हणजे 'या नंबरवर फोन करा'वाला मेसेज दोन्ही कायद्यांत बसत नव्हता. पैशाबद्दलही त्याच कायद्याचं कलम १७ आहे, दत्तकाच्या बदल्यात पैसे घेणं-देणं गुन्हा, पण शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि या कलमाबद्दल चर्चा जवळजवळ होतच नाही. आईबाप जिवंत असतील, त्यांनीच दिलं असेल आणि पैशाचा पुरावा नसेल तर मात्र पोलिसांची पंचाईत होते. कलम ८० अनाथ, सोडून दिलेल्या किंवा समितीकडे सोपवलेल्या मुलांपुरतं आहे, आणि २०२२ च्या अखेरीस कर्नाटकातल्या हायकोर्टाने याच मुद्द्यावर एक केस रद्द केली, मूल यापैकी कशातच मोडत नाही म्हणून. कायद्याच्या भाषेत निकाल बरोबर असेलही, पण ऑनलाइन जुळवाजुळव करणाऱ्यांसाठी तो आयता आधार झाला असं माझं स्पष्ट मत आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या, पैशाची अडचण असलेल्या बाईला विचार बदलायला वेळ मिळतो तो फक्त पहिल्या रस्त्यावर, तिथे मूल सोपवल्यानंतर दोन महिन्यांची मुदत आहे, दुसऱ्या रस्त्यावर अशी काही मुदत नाही.

यात मूल हवं असलेल्या जोडप्यांना सरसकट दोषी धरणंही बरोबर नाही. पोर्टलवर तीस हजारांपेक्षा जास्त पालक रांगेत, मोकळी मुलं त्या मानाने अगदी थोडी, २०२४-२५ मध्ये देशभर ४,५१५ दत्तकं झाली आणि तोच बारा वर्षांतला उच्चांक म्हणून सांगितला गेला. लहान बाळासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं. एवढ्या वर्षांत माणसं फेसबुक ग्रुपवर येतात, एकमेकांचा सीनियॉरिटी नंबर (वेटिंग लिस्टमधला क्रमांक) विचारतात, कागदपत्रं समजावून सांगतात, रडतात पण, आणि खरंच सांगायचं तर सरकारी माहितीपेक्षा या ग्रुपांनी पालकांना जास्त सांभाळलंय. त्याच ग्रुपच्या इनबॉक्समध्ये एजंट येऊन पोचतो.

जुना इतिहास थोडक्यात. १९८२ मध्ये एका वकिलाने परदेशी दत्तकांमधल्या गैरप्रकारांबद्दल सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, १९८४ मध्ये निकाल आला, त्यातून १९९० मध्ये दत्तकाचं काम बघणारी केंद्रीय यंत्रणा (कारा) उभी राहिली. ऑगस्ट २०१५ पासून सगळं एका पोर्टलवर गेलं, सुरुवातीला पालकांना एकदम सहा मुलांपर्यंत फोटो दाखवले जायचे, त्यावर टीका झाली आणि २०१७ च्या नियमांत एका वेळी एकच मूल, असे तीन प्रस्ताव, असं झालं. परदेशात इंटरनेटची भीती आधीच खरी ठरली होती, २००१ मध्ये वेबसाइटवरून दोनदा 'दिल्या गेलेल्या' जुळ्या मुलींमुळे ब्रिटनमध्ये गदारोळ झाला, आणि २०१३ मध्ये एका वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की अमेरिकेत दत्तक घेतलेली मुलं नकोशी झाली की याहू आणि फेसबुकच्या ग्रुपवरून परस्पर दुसऱ्याला दिली जातायत.

२०२१ नंतर विषय मेसेजवरून रीलवर आला. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत एका रील स्टार महिलेला बेकायदा दत्तक आणि मुलीची ओळख उघड केल्याच्या आरोपावरून अटक झाली, त्याची बातमी खूप गाजली. रीतसर दत्तक घेतलेल्या पालकांचं काय, याबद्दल मात्र शांतताच आहे. 'गोचा डे'चे, म्हणजे मूल ताब्यात मिळालं त्या दिवसाचे, व्हिडिओ, संस्थेच्या दारातला पहिला क्षण, मूल रडतंय आणि खाली हार्टचा पाऊस. कलम ७४ चौकशी किंवा कोर्टाची प्रक्रिया चालू असलेल्या मुलांना धरून लिहिलंय, आदेश झाल्यावर मूल कायद्याने त्या घरचंच होतं, त्यामुळे माझ्या वाचनाप्रमाणे आईवडिलांनीच टाकलेल्या रीलपर्यंत ते कलम पोचणं अवघड आहे. मोठेपणी त्या मुलाला आपली गोष्ट कुणाला सांगायची आणि कुणाला नाही हे ठरवायचा चान्सच राहत नाही.

आणि उलट दिशेचा शोध, म्हणजे दत्तक गेलेल्यांनी जन्मदात्यांचा घेतलेला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुंबई-पुण्याच्या संस्थांमधून युरोपात गेलेली मुलं आता चाळिशी-पन्नाशीच्या आसपास आहेत, डीएनए टेस्ट करतात, फेसबुकवर जुने फोटो टाकून गावाचं नाव विचारतात. स्वित्झर्लंडच्या दोन कँटनांनी (तिथली राज्यं) १९७३ ते २००२ मधल्या २५६ भारतीय दत्तकांचा अभ्यास करवून घेतला, २०२४ मध्ये अहवाल आला, जन्मदात्या आईची संमती तपासलेल्या एकाही फायलीत सापडली नाही. आपले नियम म्हणतात शोध त्या व्यक्तीनेच घ्यायचा, अठरा पूर्ण नसतील तर दत्तक आईवडिलांसोबत अर्ज करायचा, तिसऱ्या माणसाने शोध घ्यायचा नाही. पण पोस्ट सार्वजनिक झाली की शोधणारे शेकडो तिसरेच असतात, आणि तिकडे साताऱ्यात किंवा जालन्यात कुणी सत्तरीची बाई असेल जिने लग्नाआधीच्या त्या बाळाबद्दल घरात कधी कुणाला सांगितलेलं नाही, तिच्या नातवाच्या फोनवर तो मेसेज आधी येतो. फाइल नसलेल्यांना दुसरा मार्ग नाही हेही तितकंच खरं, त्यांना पोस्ट टाकू नका म्हणण्याआधी संस्थांनी जुनी रजिस्टर उघडायला हवीत.